ट्रॉली सोडली, पण नीट टेकवली का? पावसाळ्यात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी करून ठेवताना काय काळजी घ्यावी

कोल्हापूर : उसाचा गळीत हंगाम उरकला, शेणखत ओढून झालं, बी-बियाणं आणि खताची पोती घरात आली, की ट्रॉलीचं काम संपतं. मृगाच्या तोंडावर ती परड्यात, खळ्यावर नाहीतर रस्त्याकडेला सोडली जाते. पुढं एक वीट, चाकाला एखादा गोटा. मग दसरा-दिवाळीपर्यंत तिच्याकडं कुणी बघत नाही.

मात्र अपघात नेमके या उभ्या ट्रॉलीपाशीच होतात. पिन काढताना दांडी पायावर पडते. पावसानं माती मऊ होऊन वीट खचते. दांडीवर झोका घेणाऱ्या पोरांसकट ट्रॉली मागं कलते. पंक्चर काढायला खाली वाकलेल्या माणसावर जॅक सटकून ट्रॉली येते. रिकामी असली तरी ट्रॉलीचं वजन टनाच्या पुढंच असतं. १ टन म्हणजे १,००० किलो, सिमेंटच्या २० पोत्यांचा भार. तो अंगावर येताना बाजूला व्हायला वेळ मिळत नाही.

यावर उपाय अवघड नाही. ट्रॉली सोडण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : हिचा भार आता कशावर आहे, आणि ती वस्तू चार महिने पावसात टिकेल का?

आधी तोल समजून घ्या

दोन चाकी ट्रॉली म्हणजे बैलगाडीच. मधे आस आणि आसावर तोललेला हौदा. बैलगाडीत मागं जास्त ओझं भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. ट्रॉलीचंही तसंच. ओझं आसाच्या पुढं असेल तर दांडी खाली दाबते, मागं असेल तर दांडी वर उसळते.

ट्रॅक्टरला जोडलेली असताना हा भार ट्रॅक्टरचा हुक सांभाळतो, म्हणून जाणवत नाही. पिन काढली की तो मोकळा होतो. दांडी खाली येणार की वर जाणार, हे पिन काढण्याआधीच माहीत असलं पाहिजे.

जुनी माणसं बैल सोडण्याआधी जुवाखाली लाकडी टेकू लावायची. अनेक गावांत त्याला 'शिपाई' म्हणतात. आधी शिपाई लावायचा, मग बैल सोडायचे. ट्रॉलीचा नियमही हाच आहे : आधी उटी, मग टेकू, शेवटी पिन.

चार चाकी ट्रॉलीचा तोल चारही चाकांवर असतो, त्यामुळं ती सहसा उलाळ होत नाही. पण तिची पुढची चाकं फिरती असतात आणि दांडी वर-खाली मोकळी असते. पिन काढली की ती जड लोखंडी दांडी थेट खाली येते. तिथंही पाय लांबच ठेवायचा.

जागा कोणती निवडावी?

शिरोळ, हातकणंगले भागातली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी वाटते. दोन पाऊस झाले की तीच माती लोण्यासारखी होते. मे महिन्यात घट्ट वाटलेल्या जागी ठेवलेली ट्रॉली जुलैत एका चाकावर खचते आणि एका बाजूला कलते. काळ्या रानात ट्रॉली ठेवायचीच असेल, तर चाकांखाली आणि टेकूखाली मुरूम टाकून तो धुम्मसनं बसवून घ्यावा.

राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा या भागात अडचण वेगळी आहे. जमीन कठीण असते, पण उतार असतो आणि पाऊस धो धो. उतारावरून वाहणारं पाणी चाकाखालची माती नेतं आणि उटीही सरकवतं. तिथं सपाट जागा निवडावी. ती मिळत नसेल तर ट्रॉली उताराच्या दिशेनं उभी न करता आडवी लावावी. वरच्या अंगाला छोटी चारी काढून पाणी बाजूला वळवावं.

जागा निवडताना या गोष्टी जरूर बघा :

- वर विजेच्या तारा नकोत. पावसात तार तुटून पडू शकते, आणि डंपिंग ट्रॉलीचा हौदा उचलला तर तो तारेला लागू शकतो.
- वाळलेलं किंवा पोखरलेलं झाड, जुनी मातीची भिंत यांच्या जवळ नको. पावसाळ्यात दोन्ही कोसळतात.
- विहिरीचा काठ, ओढ्याची दरड, नव्यानं भरलेला खड्डा यांपासून लांब.
- घराचं दार, गोठ्याची वाट आणि पोरांची खेळायची जागा सोडून.

रस्त्याच्या कडेला ट्रॉली सोडून जाऊ नका. रात्री पावसात दुचाकीवाल्याला उभी ट्रॉली दिसत नाही, दिसते तेव्हा ब्रेक लागत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२२ नुसार सार्वजनिक जागेत धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीनं वाहन किंवा ट्रेलर उभा करून ठेवता येत नाही. 'आपल्याच दारात आहे' म्हटलं तरी दारासमोरचा रस्ता सगळ्यांचाच असतो.

पूरपट्ट्यातली ट्रॉली आधी हलवा

२००५, २०१९ आणि २०२१ चा महापूर पंचगंगा आणि कृष्णाकाठानं पाहिला आहे. जनावरं आणि धान्य हलवताना ट्रॉली लागते, हे खरं. म्हणूनच ती मळ्यात अडकून पडता कामा नये. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पूरपट्ट्यातली ट्रॉली मळ्यातच ठेवायची असेल, तर पाणी इशारा पातळीकडं सरकायला लागताच ती वर काढावी. ४३ फुटांची वाट बघितली तर तोवर पाणंद पाण्याखाली गेलेली असते.

चाकाच्या मधोमध असलेला हब पुराच्या पाण्यात बुडाला असेल, तर ट्रॉली तशीच रस्त्यावर काढू नका. आत गाळ आणि पाणी जातं, वंगण धुऊन निघतं. हब उघडून बेअरिंग साफ करावं, नवीन ग्रीस भरावं आणि मगच ओझं लादावं. नाहीतर पहिल्याच खेपेला बेअरिंग जाम होऊन चाक निखळू शकतं.

ट्रॉली सोडण्याचा क्रम

घाई असते, पाऊस येत असतो आणि ट्रॅक्टर दुसरीकडं पाहिजे असतो. चूक होते ती अशाच वेळी. म्हणून क्रम ठरलेला असावा.

१. ट्रॅक्टर आणि ट्रॉली सरळ रेषेत उभी करा. ट्रॅक्टरचा हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा, गिअरमध्ये ठेवा आणि चावी खिशात घाला.

२. ट्रॉलीच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून उटी लावा. म्हणजे चार उट्या झाल्या. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, त्यामुळं ट्रॅक्टर सुटला की ट्रॉलीला धरून ठेवतात त्या फक्त या उट्याच.

३. डंपिंगचा हौदा पूर्ण खाली बसलाय ना, ते बघा. इंजिन बंद ठेवून लिव्हर पुढं-मागं करा, म्हणजे पाइपमधला दाब उतरतो. मग पाइप सोडा आणि त्याच्या तोंडाला टोपण किंवा प्लास्टिक बांधा. लाइटची वायर सोडून वर बांधा.

४. दांडीखाली स्टँड किंवा टेकू लावून दांडीचा भार त्यावर घ्या. भार नीट आला की हुकातली पिन सैल होते, बोटानं फिरते.

५. पिन सैल होत नसेल तर हातोडा मारू नका. घट्ट पिन म्हणजे अजून भार किंवा ओढ तिच्यावर आहे. माणसं बाजूला करून ट्रॅक्टर बोटभर पुढं-मागं घ्या, पुन्हा बंद करा आणि परत बघा. दांडी वरच्या बाजूला दाबत असेल तर ट्रॉली मागं जड आहे. आधी मागचं ओझं उतरवा, मगच पिन काढा.

६. पिन काढताना दांडीच्या बाजूला उभं राहा. दांडीवर वाकायचं नाही आणि तिच्याखाली पाय घालायचा नाही.

७. सगळी माणसं बाजूला झाल्यावरच ट्रॅक्टर सुरू करून सावकाश पुढं घ्या.

ट्रॅक्टर सुरू असताना ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे कुणीही उभं राहायचं नाही. 'थोडं मागं घे, थोडं मागं घे' म्हणत मधे उभा असलेला माणूस क्लच सुटला तर चेंगरतो. क्लचवरचा पाय ओला असतो, चप्पल चिखलाची असते. क्लच सटकायला तेवढं पुरतं.

उटी आणि टेकू कशाचा असावा?

गोल गोटा ही उटी नव्हे. चाकाचा दाब आला की तो घरंगळतो. वीटही नको, ती भिजली की फुटते. बाभळीसारख्या टणक लाकडाचा तिरका कापलेला, पाचरीसारखा ठोकळा सगळ्यात चांगला. तो चाकाला घट्ट भिडवून, ठोकून बसवावा. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पट्टीच्या उट्या करून घेतल्या आणि साखळीनं ट्रॉलीलाच अडकवल्या, तर त्या हरवत नाहीत.

दांडीच्या टेकूसाठी ट्रॉलीला बसवलेला स्क्रूचा स्टँड असेल तर उत्तमच. पण त्याचा तळ छोटा असतो, ओल्या मातीत तो खिळ्यासारखा घुसतो. त्याखाली किमान हातभर लांब-रुंद आणि दोन इंच जाड फळी किंवा लोखंडी पत्रा ठेवावा. स्टँडची आडवी पिन पूर्ण आरपार गेली आहे का, तेही तपासावं.

स्टँड नसेल तर लाकडी ठोकळे एक थर उभा, एक थर आडवा असे चौकटीत रचावेत. रचलेल्या चौकटीची उंची तिच्या तळाच्या रुंदीपेक्षा जास्त नसावी. एकावर एक सरळ उभे ठेवलेले ठोकळे एका धक्क्यानं पडतात.

टेकू म्हणून हे वापरू नका : विटा, पोकळ सिमेंट ब्लॉक, फरशीचे तुकडे, तेलाचा डबा, जुनी टायर आणि जॅक. सिमेंटचा पोकळ ब्लॉक बाहेरून भक्कम दिसतो, पण एका कोपऱ्यावर भार आला की आधी काही न दाखवता एकदम फुटतो.

दांडी थोडी वर राहील इतका टेकू उंच ठेवावा. हौद्याचा पुढचा भाग दोन-तीन बोटं वर राहिला आणि मागचा फाळका उघडा किंवा किलकिला ठेवला, की पावसाचं पाणी मागून निघून जातं. त्यापेक्षा जास्त उंच करायची गरज नाही.

मागं टेकू लागतो का?

ट्रॉली रिकामी ठेवायची असेल तर पुढचा टेकू आणि उट्या पुरतात. पण बरेच जण ट्रॉलीचं कोठार करतात. ठिबकच्या नळ्या, पाइप, सरपण, वैरण, कधी खताची पोतीही तिच्यात ठेवतात. मग मागचं सामान घ्यायला कुणी फाळक्यावर चढलं की ट्रॉली उलाळ होते आणि पुढचा टेकू पडतो.

अशा वेळी चेसीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली टेकू द्यावेत. ते चेसीला नुसते टेकलेले असावेत. त्यांच्यावर ट्रॉली उचलून धरायची नाही, कारण भार चाकांवरच राहिला पाहिजे. मागचा टेकू कलण्यापासून वाचवतो, वजन पेलायला तो नसतो. जड सामान आसाच्या किंचित पुढं आणि तळाला ठेवावं.

खताची पोती मात्र ट्रॉलीत नकोतच. युरिया, पोटॅश ओलावा ओढतात आणि पत्रा खातात.

चाकांवर ठेवावी की उचलून?

टायर खराब होऊ नयेत म्हणून काही जण ट्रॉली उचलून दगडांवर ठेवतात, काही जण तर चाकंच काढून घरात नेतात. चार महिन्यांसाठी याची गरज नाही. चाकांवर उभी असलेली ट्रॉली ही दगडांवर ठेवलेल्या ट्रॉलीपेक्षा केव्हाही सुरक्षित. टायर वाचवायचे सोपे उपाय आहेत :

- चाकाखाली टायरपेक्षा रुंद जाड फळी ठेवा. टायर चिखलात आणि पाण्यात राहत नाही.
- हवा कंपनीनं सांगितलेल्या मापात भरा. टायरच्या बाजूला लिहिलेल्या कमाल मापापेक्षा जास्त नको. कमी हवेत उभ्या राहिलेल्या टायरच्या कडा दुमडून चिरतात.
- उन्हाच्या बाजूला टायरवर पोतं किंवा जुनी ताडपत्री बांधा.
- महिन्यातून एकदा ट्रॅक्टर जोडून ट्रॉली थोडी सरकवा, चाक पाव फेरा फिरलं तरी पुरे. टायरवर खडूनं खूण केली की कुठला भाग खाली होता ते कळतं. सरकवल्यावर उट्या आणि टेकू पुन्हा पहिल्यासारखे लावायला विसरू नका.

खाली शिरण्याआधी : जॅक धरून ठेवत नाही

पंक्चर, बेअरिंग, पाटा बदलणं यासाठी ट्रॉली उचलावीच लागते. इथं एक गोष्ट घरातल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. बाटली जॅकमध्ये तेल असतं. आतलं सील झिजलं की तेल मागं येतं आणि जॅक हळूहळू बसतो. जमीन खचली तर तो तिरका होऊन सटकतो.

काम असं करावं :

ट्रॉली पूर्ण रिकामी करा. दोन चाकी ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवा, म्हणजे दांडी हलत नाही. ट्रॅक्टर बंद, हँडब्रेक लावलेला, चावी काम करणाऱ्याच्या खिशात. जे चाक उचलायचं नाही त्याला दोन्हीकडून उटी. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्या. जॅकखाली जाड फळी घाला. जॅक आसाखाली, पाट्याच्या जवळ लावा. पत्र्याला किंवा हौद्याच्या कडेला लावू नका.

चाक जमिनीपासून सुटलं की आसाखाली गॅरेजमध्ये असते तशी लोखंडी घोडी किंवा लाकडी ठोकळ्यांची चौकट ठेवा. मग जॅक थोडा उतरवून भार त्या घोडीवर घ्या. हातानं ढकलून बघा, ट्रॉली हलली तर पुन्हा बसवा. त्यानंतरच हात घाला. काढलेलं चाक चेसीखाली आडवं सरकवून ठेवलं तर काही बिघडलंच, तरी थोडी जागा उरते.

पाऊस सुरू असताना, अंधारात किंवा एकट्यानं हे काम करू नका. जवळ दुसरा माणूस असावा.

डंपिंगचा उचललेला हौदा हा सापळा

हौदा वर उचलायचा आणि खाली शिरून ग्रीस मारायचं किंवा चिखल धुवायचा, हे सर्रास चालतं. तो हौदा फक्त तेलाच्या दाबावर उभा असतो. पाइप फुटला, जोड सुटला किंवा एखाद्या पोरानं ट्रॅक्टरवर चढून लिव्हर ओढली, तर हौदा क्षणात खाली बसतो.

हौद्याखाली जायचंच असेल तर हौदा रिकामा हवा आणि हौदा व चेसी यांच्यामधे त्याचा भक्कम लोखंडी टेकू अडकवलेला हवा. काही ट्रॉल्यांना तो कंपनीचाच असतो. नसेल तर वेल्डिंगवाल्याकडून मापाचा करून चेसीला बसवून घ्यावा. नुसतं लाकूड आडवं घालणं पुरेसं नाही, ते सटकतं. पावसाळ्यासाठी ठेवताना तर हौदा कधीच वर ठेवू नये. पाणी साचू नये म्हणून 'थोडा वर ठेवलाय' हेही नको. पाण्यासाठी फाळका उघडा ठेवला की काम भागतं.

ठेवण्याआधी आणि ठेवल्यावर

ट्रॉली ठेवण्याआधी हौदा धुऊन घ्या. उसाचा रस, पाचट, शेणखत, खताचे दाणे कोपऱ्यात अडकलेले असतात. तिथंच पत्रा आधी कुजतो. धुऊन उन्हात वाळवावा, गंज घासून प्रायमर आणि रंग मारावा. हब, पाटे, फाळक्याच्या बिजागऱ्या, दांडीचा हुक यांना वंगण द्यावं. झाकायला ताडपत्री टाकणार असाल तर मधे बांबू घालून उतार द्या. नाहीतर ताडपत्रीत पाण्याचं तळं होतं आणि खाली दमट हवा कोंडून पत्रा उलट जास्त गंजतो.

पावसाळ्यात ट्रॉलीखालची कोरडी जागा साप आणि विंचवांना आवडते. उटी, फळी, ठोकळा हलवताना थेट हात घालू नका. आधी काठीनं हलवा, बॅटरीचा उजेड टाका. ट्रॉलीखाली गवत वाढू देऊ नका. साप चावलाच तर मंत्र, चिरा देणं, घट्ट आवळून बांधणं यात वेळ न घालवता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठावा.

मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं काढून ट्रॉलीभोवती एक चक्कर मारा. टेकू खचला का? उटी सरकली का? एक चाक बसलं का? ट्रॉली कलली असेल तर लगेच खाली वाकून टेकू सारू नका. आधी सगळ्यांना लांब करा, ट्रॅक्टर जोडा आणि मग जागा दुरुस्त करा.

पोरं आणि चोर

दांडीवर झोका, फाळक्यावर घसरगुंडी, खाली लपंडाव. उभी ट्रॉली म्हणजे पोरांचं अंगणच असतं. 'खेळू नका' म्हणून पोरं ऐकत नाहीत. म्हणून पोरं चढली तरी ट्रॉली हलणार नाही अशीच ती टेकवलेली असावी. दांडीला जनावर बांधू नये. उधळलेला बैल किंवा म्हैस टेकू पाडू शकते. कामाच्या दिवसांत दुपारी सावलीला ट्रॉलीखाली झोपायची सवय आहे, तीही मोडली पाहिजे. ट्रॅक्टर सुरू करण्याआधी ट्रॉलीभोवती फिरून खाली बघणं हे चालकाचं काम आहे.

चोरीचं म्हणाल तर दुसऱ्याचा ट्रॅक्टर लावून ट्रॉली नेणं सोपं असतं. हुकाची पिन घरी नेऊन ठेवा. चाक आणि चेसीमधून साखळी ओवून ती झाडाला किंवा पक्क्या खांबाला कुलूप लावून बांधा. चेसी नंबर, नंबर प्लेट आणि ट्रॉलीच्या चारही बाजूंचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आरसी आणि विम्याची मुदत याच काळात तपासा. उभ्या ट्रॉलीची चोरी किंवा पुराचं नुकसान आपल्या विम्यात बसतं का, हे एजंटाला आताच विचारा. घटना घडल्यावर विचारून उपयोग नसतो.

हंगामाआधी पुन्हा जोडताना

दिवाळीच्या आसपास कारखान्याची मोळी पडायच्या आधी ट्रॉली बाहेर निघते. तेव्हा ट्रॅक्टर जोडून, पिन आणि पिनेची क्लिप लावून, मगच टेकू काढावा. उट्या सगळ्यात शेवटी. सोडताना जो क्रम होता त्याच्या बरोबर उलटा. हवा भरावी, नट आवळावेत, चाक उचलून हातानं फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकावा. मागचे लाल रिफ्लेक्टर पुसावेत, गेले असतील तर नवीन लावावेत. रिकामी खेप सावकाश मारून हबला हात लावून बघा. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर आधी दुरुस्ती, मग ऊस.

वेळ आलीच तर

कुणी ट्रॉलीखाली अडकलं तर हात-पाय धरून ओढू नका आणि घाईनं ट्रॅक्टरही ओढू नका. आधी चाकांना उटी, मग जॅकनं थोडं उचलायचं आणि जसजसं वर येईल तसतसे खाली ठोकळे सारायचे. दुसऱ्यानं त्याच वेळी ११२ किंवा १०८ ला फोन लावावा. ट्रॉलीला विजेची तार लागली असेल तर जवळ जाऊ नका, महावितरणला १९१२ वर कळवा आणि प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कुणालाही जाऊ देऊ नका.

थोडक्यात, ट्रॉली सोडण्याआधी

- जागा सपाट, घट्ट, तारेखाली नाही, रस्त्यावर नाही.
- चार उट्या, लाकडी किंवा लोखंडी. गोटा आणि वीट नाही.
- दांडीखाली फळी, फळीवर टेकू. आधी टेकू, मग पिन.
- ट्रॉली रिकामी. सामान असेल तर मागं दोन टेकू.
- हौदा खाली, फाळका उघडा.
- चाकं फळीवर, हवा मापात.
- पिन घरात, साखळीला कुलूप.
- मोठ्या पावसानंतर एक चक्कर.

एवढं करायला जेमतेम अर्धा तास लागतो आणि सामान म्हणून चार ठोकळे, दोन फळ्या. पहिल्या पावसाआधी आपल्या आणि शेजारच्या ट्रॉलीखाली एकदा वाकून न बघता, बाजूनं फिरून बघा : भार कशावर आहे? उत्तर 'वीट' किंवा 'जॅक' असेल, तर ती आजच बदला.